12.41 चा ठराव

मेकॉलेने हिंदुस्थानच्या शिक्षणाचा निकाल एका मिनिटात लावला, असा माझा समज बीए झाल्यावरही टिकून होता. समजाला आधार होता. पुस्तकात स्वच्छ छापलेलं होतं: 'मेकॉलेचे मिनिट, 2 फेब्रुवारी 1835'. तारीख होती, मिनिट होतं, तास तेवढा छापायचा राहिला होता. परीक्षेत त्यावर टीप आली तेव्हा मी लिहून आलो, की मेकॉले हा झटपट निर्णय घेणारा प्रशासक होता आणि आजच्या राज्यकर्त्यांनी त्याचा हा गुण घ्यावा. पाचापैकी तीन गुण मिळाले. म्हणजे तपासणाऱ्यांचंही मत तेच असावं. पुढे जे झालं त्यात त्या तीन गुणांचा मोठा वाटा आहे. शून्य मिळालं असतं तर मुक्ताईनगरात मला आज लोक माझ्या नावाने ओळखत असते.

मुक्ताईनगर माझं आजोळ. मामांच्या तोंडी ते कायम एदलाबादच. मुक्ताईनगर हे नाव ते फक्त पाकिटावर पत्ता लिहिताना वापरत. तिथल्या एका पतसंस्थेचे ते सचिव होते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण या सगळ्या प्रकारात तिचा दोष एवढाच, की तिच्या सचिवाला मी भाचा होतो.

सहकारी संस्थेत सभेचा वृत्तांत ज्या वहीत लिहितात तिला गावोगाव 'प्रोसिडिंग बुक' म्हणतात. 'इतिवृत्त' हा शब्द विषयपत्रिकेवर छापण्यापुरता असतो, बोलण्यासाठी नसतो. मामांचं प्रोसिडिंग पाहत राहावं असं. वळणदार अक्षर, दोन्ही बाजूंना समास, 'सर्वानुमते' या शब्दाखाली लाल शाईची रेघ. आणि हे सगळं सभेच्या आदल्या रात्री लिहून तयार. सभा झाल्यावर लिहायला बसलं, की कोण काय बोललं ते आठवत बसावं लागतं. आधी लिहून ठेवलं, की कोणी काय बोलायचं याचा प्रश्नच उरत नाही, हे त्यांचं साधं धोरण. त्यात कधी कोणाचं नुकसान झालं नव्हतं.

त्या वर्षी वैशाखात मामांना मुतखडा झाला. खानदेशच्या वैशाखात पारा 45 च्या पुढे गेला तरी पेपरवाले ती बातमी आतल्या पानावर टाकतात. अशा उन्हात मुतखडा व्हायला फारसं निमित्त लागत नाही. मामांना जळगावला दाखल केलं ते नेमकं सभेच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे प्रोसिडिंग लिहायच्या वेळेला. खाटेवर कळवळत त्यांनी मला एवढंच सांगितलं, "उद्या तू जा. काही करायचं नाही. बुक न्यायचं, सह्या घ्यायच्या, यायचं. बाकीचं मी पाहून घेईन."

मामांचं ऐकलं असतं तर हा लेख झाला नसता. पण संचालक मंडळात नुकतेच एक साहेब आले होते. मुंबईत बँकेत उभी हयात काढून गावी परतलेले. बाकीचे संचालक धोतर-टोपीत किंवा पायजम्यात, साहेब इस्त्रीच्या पँटीत आणि खिशाला दोन पेनं. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"शिक्षण?"

"बीए. इंग्रजी घेऊन."

"गुड! मग आज मिनिट्स तुम्हीच घ्या. आणि हे बघा, डिटेल पाहिजेत. आपल्याकडे सगळं मोघम चालतं."

"कितव्या मिनिटापासून घेऊ?" मी विचारलं.

साहेबांना वाटलं, पोरगा विनोदी आहे. ते हसून म्हणाले, "अगदी पहिल्या!"

त्यांनी हसायला नको होतं. माझ्या मनगटावर बीए झाल्याबद्दल मामांनीच दिलेलं एचएमटीचं घड्याळ होतं. त्याला रोज सकाळी चावी द्यावी लागे आणि रेडिओच्या बातम्यांशी मी ते जुळवून घेत असे. इतकं शिक्षण आणि इतकं अचूक घड्याळ यांचा एकत्र उपयोग करायची संधी तोवर मला कोणी दिली नव्हती. मी प्रोसिडिंग बुक उघडलं. ती बांधीव वही, पानांवर छापील क्रमांक, पान फाडायची सोय नाही. मी थेट शाईने लिहायला घेतलं.

त्यातला काही भाग मला अजून तोंडपाठ आहे, कारण पुढे तो गावालाही पाठ झाला.

'11.00. सभेची वेळ. हॉलमध्ये मी व शिपाई.
11.09. शिपाई गेला.
11.26. तात्या आले. "कोणी नही का?" असे विचारून गेले.
11.41. अध्यक्ष आप्पा आले. पंखा सुरू करण्यात आला. पंखा फिरला नाही.
11.50. तात्या परत आले. सहा संचालक हजर. सभा सुरू.
11.51. मागील सभेचे प्रोसिडिंग वाचून कायम करण्यात आले. कोणी वाचले नाही.
11.53. चहा.
11.56. आप्पांनी चहा बशीत ओतला.
11.57. केळीचा भाव. (हा विषय पत्रिकेवर नाही.)
12.06. साहेब म्हणाले, "एक मिनिट."
12.17. साहेबांचे एक मिनिट संपले.
12.18. पुन्हा केळीचा भाव.
12.34. दोन संचालक भुसावळला रेल्वे गाठायची म्हणून निघून गेले.
12.38. गुरुजींना झोप लागली.
12.41. विषय क्र. 4. केळी वाहतुकीच्या गाडीसाठी कर्ज. सर्वानुमते मंजूर.
12.42. सभा संपली. गुरुजींना उठवण्यात आले.'

सह्या घेतल्या. एकानेही वाचलं नाही. खानदेशात सही करण्याआधी कागद वाचणं म्हणजे समोरच्याचा अपमान समजतात, आणि मी तर गावाचा भाचा. आजोळच्या गावात भाच्याला मान असतो. त्याच्या पाया पडतात, त्याला वाकडं बोलत नाहीत. हे नंतर माझ्या फार कामी आलं.

महिनाभराने पुढची सभा. मामा बरे होऊन आले होते, पण अशक्तपणामुळे त्यांनी वही उघडून पाहिली नव्हती. साहेबांनी पहिल्याच विषयावर मुद्दा काढला: 'वाचून कायम करणे' म्हणजे वाचून, नुसतं कायम नव्हे. मामा म्हणाले, "याचं अक्षर आहे, हाच वाचेल." मी उभा राहिलो. खाकरलो. आवाज चांगला आहे असं मला कॉलेजात सांगण्यात आलं होतं.

शिपाई गेला, इथपर्यंत माणसं ऐकत होती. पंख्यापाशी एक-दोघं हसले. बशी आली तेव्हा आप्पांनी हातातली बशी हळूच टेबलावर ठेवली.

"भाचे," ते म्हणाले, "हे बुकात लिहेल आहे?"

"हो आप्पा. 11.56 ला."

"मी चहा कशात पितो ते सहकार खात्याला काबरं सांगायचं?"

मी पुढे वाचत गेलो. साहेबांच्या अकरा मिनिटं चाललेल्या एका मिनिटाला चांगला हशा पिकला, साहेब सोडून. मग मी 12.34 वाचलं, 12.38 वाचलं, 12.41 वाचलं, आणि हॉलमध्ये पंखा फिरत नसल्याचा आवाज सुद्धा ऐकू यावा अशी शांतता झाली. मला वाटलं, सभा माझ्या शैलीने भारावली. प्रत्यक्षात संचालक बोटं मोजत होते. एकूण संचालक अकरा. गणपूर्तीला सहा लागतात. सभेला आले सहा. 12.34 ला दोन गेले, उरले चार, त्यातले एक 12.38 ला झोपले. म्हणजे 12.41 चा ठराव साडेतीन माणसांनी सर्वानुमते मंजूर केला होता. आणि त्या ठरावातली गाडी एव्हाना घेऊन, हार-फुलं घालून, केळी भरून दिल्लीच्या वाटेला लागली होती.

मामांचा चेहरा मुतखड्याच्या दिवसांत सुद्धा मी इतका उतरलेला पाहिला नव्हता.

"अहो, मिनिट्स म्हणजे मिनिटं नव्हेत!" साहेब ओरडले.

"मग सेकंद?" मी प्रामाणिकपणे विचारलं.

पाच दिवसांनी तातडीची सभा लावायचं ठरलं. मधल्या काळात मी तालुक्याच्या वाचनालयातला जाडा इंग्रजी शब्दकोश घरी आणला. चूक कोणाची ते एकदा ठरवून टाकावं म्हणून. आणि गंमत अशी, की शब्दकोश माझ्या बाजूने निघाला. निदान मी तो तसा लावून घेतला.

लॅटिनमध्ये 'मिनूटा' म्हणजे बारीक केलेलं. जुन्या ज्योतिषांनी वर्तुळाच्या अंशाचे 60 भाग केले, त्या भागाला ते म्हणत 'पार्स मिनूटा प्रीमा', पहिला बारीक तुकडा. त्या तुकड्याचे आणखी 60 केले, तो 'पार्स मिनूटा सेकुंदा', दुसरा बारीक तुकडा. पहिल्याला आडनाव मिळालं, तो मिनिट झाला. दुसऱ्याला नुसता नंबर मिळाला, तो सेकंद, म्हणजे अक्षरशः 'दुसरा'. साठाचा हा हिशेब मूळचा बाबिलोनचा, आणि आधी तो आकाश मोजायला होता, सभा मोजायला नव्हे. घड्याळात मिनिटकाटा रुळला तो हॉयगेन्सने 1656 साली लंबकाचं घड्याळ काढल्यानंतर. त्याआधी कित्येक पिढ्या घड्याळाला एकच काटा होता, तासाचा. तेव्हा सभेला 12 च्या सुमारास जायचं म्हटलं की 12 च्या सुमारासच जायचं. मुक्ताईनगरात ती पद्धत अजून सांभाळून आहेत.

त्याच 'बारीक'मधून सभेचे मिनिट्स निघाले: बारीक अक्षरातलं कच्चं टिपण, पक्क्या प्रतीच्या आधीचं. मेकॉलेचं मिनिटही तसलंच, सरकारदरबारी लिहिलेलं टिपण. त्याला ते लिहायला किती वेळ लागला ते शब्दकोशात नव्हतं. हॉटेलातला मेनूही याच घरचा, कारण तो बारीकसारीक तपशील. आणि 'मायन्यूट' म्हणून सूक्ष्म असा जो शब्द आहे त्याचं स्पेलिंग तर अक्षरन् अक्षर तेच. हे वाचून मला भरून आलं. मी बारीक लिहिलं होतं. बारीक अक्षरात लिहिलं होतं. घड्याळ पाहून लिहिलं होतं. या शब्दाचे जेवढे म्हणून अर्थ आहेत तेवढे सगळे मी एका सभेत पाळले होते. असं दुसरं उदाहरण इंग्रजी भाषेच्या इतिहासात सापडणार नाही, अशी माझी खात्री झाली. हे सगळं मी एका कागदावर उतरवलं आणि तातडीच्या सभेत 'खुलासा' म्हणून वाचून दाखवलं. लॅटिनसकट.

वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आप्पांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"भाचे, चांगदेव माहीत आहे ना तुम्हाले?"

कसे नसणार? तापी आणि पूर्णेचा संगम गावापासून जवळच, आणि संगमावर चांगदेवाचं देऊळ. योगाच्या बळावर मरण चुकवत चौदाशे वर्षं जगलेले चांगदेव. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना. वयाने ते लहान, ज्ञानाने मोठे. आशीर्वाद लिहावा की नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठवला. तो पाहून चिमुरडी मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच. मग ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला 65 ओव्यांचं उत्तर धाडलं, तीच चांगदेव पासष्टी. आणि चौदाशे वर्षांचे चांगदेव त्या मुलीचे शिष्य झाले.

"तर," आप्पा म्हणाले, "त्या कोऱ्या कागदावर पासष्ट ओव्या झाल्या. तुम्ही बुक कोरं ठेवलं असतं तर तुमच्या मामांनी त्यावर निदान एक ठराव लिहिला असता. तुम्ही त्यावर माही बशी लिहिली."

याला लॅटिनमध्ये उत्तर नव्हतं. माझ्या मनात मात्र तेव्हाही भलताच विचार आला. वारकरी सांगतात, शके 1219 मध्ये तापीकाठी मेहुणला वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली. ज्या मुलखातली सगळ्यात मोठी गोष्ट विजेच्या एका लखलखाटात घडून गेली, तिथे सहा माणसांची सभा भरायला पन्नास मिनिटं लागावीत? हे मी बोललो नाही. त्या महिन्यातला तो माझा एकमेव शहाणपणा.

आणि मग गुरुजी उठले. हेच ते 12.38 ला झोपलेले गुरुजी. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी खिशातून खडू काढला (निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात खडू असे) आणि भिंतीवर एक उभी रेघ मारली.

"ही साडेब्याऐंशी रेखांशाची रेघ. मिर्झापूरजवळून जाते. भारताची प्रमाणवेळ म्हणजे या रेघेवरची वेळ. 1 जानेवारी 1906 पासून." मग डावीकडे दुसरी रेघ. "हे आपलं गाव. शहात्तर रेखांश. मधे साडेसहा अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं. किती झाले?"

"सव्वीस," मी म्हणालो. वर्गात बसल्यासारखं वाटत होतं.

"शाबास. म्हणजे याच्या मनगटावरचं घड्याळ मिर्झापूरची वेळ दाखवत होतं. आपला सूर्य त्याच्या सव्वीस मिनिटं मागे आहे. एका घटकेची 24 मिनिटं, म्हणजे बरोबर एक घटका आणि वर पाच पळं. याने ठराव लिहिला 12.41 ला. मुक्ताईनगरात तेव्हा खरे वाजले होते 12.15. आणि ते दोघं गेले कधी? 12.34 ला. म्हणजे ठराव झाला तेव्हा सहाच्या सहा संचालक हजर होते. गणपूर्ती आहे."

सभेत अशी शांतता पसरली, जशी मोठा शास्त्रज्ञ बोलून गेल्यावर पसरते. तात्यांनी तोंडातली सुपारी चघळायची थांबवली. आप्पांनी टोपी परत डोक्यावर ठेवली.

साहेबांना बँकेची सवय. "पण गुरुजी," ते म्हणाले, "मग ते दोघं गेले त्यातूनही 26 मिनिटं वजा करा. ते 12.08 ला गेले. हिशेब तिथल्या तिथे!"

"नाही," गुरुजी ठामपणे म्हणाले. "ते भुसावळला रेल्वे गाठायला गेले. त्यांना रेल्वेची वेळ लागू. जे गावात राहिले त्यांना गावची."

हे मी विनोद म्हणून सांगत असलो तरी गुरुजींनी ते विनोद म्हणून सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या बोलण्याला इतिहास होता. इंग्रजांच्या काळात गाड्या मद्रासच्या वेळेवर धावत आणि गावं आपापल्या सूर्याच्या वेळेवर उठत-बसत. स्टेशनात एक वेळ, पेठेत दुसरी. भुसावळ तर रेल्वेनेच वाढवलेलं गाव, तिथे हे दुमत असणारच. मुंबईने तर प्रमाणवेळ आल्यावरही आपलं 39 मिनिटं मागचं घड्याळ सोडलं नाही, स्वातंत्र्य मिळून काही वर्षं होईतो. एका शहरात दोन वेळा पाळून मुंबईला काही झालं नाही, मग एका सभेत दोन वेळा पाळल्या तर मुक्ताईनगरला काय व्हायचंय, असा गुरुजींचा सवाल होता. साहेब निरुत्तर झाले. चाळीस वर्षं मुंबईत काढून हे त्यांना ठाऊक नव्हतं, ही गोष्ट त्यांना ठरावापेक्षा जास्त लागली असावी.

"आणि गुरुजी, तुमची झोप?" तात्यांनी हळूच विचारलं. "तिचं काय करायचं?"

"झोप," गुरुजी खाली बसत म्हणाले, "प्रमाणवेळेनुसार लागली."

ठराव वाचला असता. पण लेखापरीक्षक आले. शांत, सोनेरी काड्यांचा चष्मा, नोकरीत केस पिकलेले. त्यांनी ते पान वाचलं, परत वाचलं, खिडकीपाशी जाऊन उजेडात वाचलं. त्यांचे खांदे हलत होते. मामा घाबरून मला म्हणाले, "रडतायत का ते?" ते रडत नव्हते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, इतक्या वर्षांत हजारो प्रोसिडिंगं पाहिली, खरं लिहिलेलं हे पहिलंच. मी खूश झालो. मग त्यांनी तोच ठराव पुरेशी गणपूर्ती घेऊन पुन्हा करायला लावला आणि अहवालात शेरा मारला. सहकारात लेखापरीक्षणानंतर संस्थेला दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो: कोणता दोष निघाला, तो कसा दुरुस्त केला. त्या वर्षीच्या अहवालात 'दोष' या रकान्याखाली मी होतो. 'दुरुस्ती' खाली मामांनी लिहिलं: 'सदर व्यक्तीस पुन्हा पाठवले जाणार नाही.'

संस्था पुढे नीट चालली, हेही सांगायला हवं. आमच्या जिल्ह्याने पतसंस्था बुडण्याचे दिवसही पाहिले आहेत. कर्जाची ती गाडी मात्र हप्ते वेळेवर भरत राहिली. कोणत्या वेळेवर ते विचारू नका.

माझं नाव तेवढं गेलं. मुक्ताईनगरात मी 'मिनिटभाऊ' झालो. एसटी स्टँडवर उतरलो की पानवाला मनगट वर करून दाखवतो. सगळ्यात हाल होतात ते लग्नात. लग्नपत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो 12 वाजून 27 मिनिटांनी. 25 नव्हे, 30 नव्हे, 27. पंचांगातून काढलेली ती दोन-तीन मिनिटं वर छापायला कोणी विसरत नाही, आणि नवरदेव घोड्यावरून अडीचला उतरतो. पूर्वी मांडवात घंगाळात घटिकापात्र सोडत. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी, भरत भरत चोवीस मिनिटांत बुडायची, आणि भटजी त्या वाटीवर डोळा ठेवून बसत. त्या वाटीला निदान घाई तरी कळायची नाही. आता वाटी गेली आणि तिच्या जागी मला बसवतात. "मिनिटभाऊ, भटजींच्या शेजारी बसा. पाहा बरं, वेळेवर लागतं का?" मी बसतो. वरणबट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी यांचा वास मंडपाच्या मागून येत असतो. नवरीच्या मामाला शोधायला माणसं पांगलेली असतात. घड्याळाकडे मी पाहत नाही. सवय मोडली आहे.

परवा आजोळी गेलो होतो. मामा आता थकलेत, सचिवपद दुसऱ्याकडे गेलंय. नव्या सचिवाने मला कौतुकाने जुनी वही दाखवली. माझ्या सभेनंतरच्या तिसऱ्या पानावर मामांच्या वळणदार अक्षरातला ठराव आहे. तो मला कोणी दाखवला नव्हता: 'यापुढे सभेच्या वृत्तांतात चहा, पंखा व झोप यांचा उल्लेख करू नये. तसेच सचिवांच्या नातलगांनी सभेस येताना घड्याळ बांधू नये. सूचक: अध्यक्ष. अनुमोदक: गुरुजी. सर्वानुमते मंजूर.' लाल रेघ मारलेली आहे. शेजारी, समासात, पेन्सिलीने कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलंय: 'स्था. वेळ 12.15'.